जिभेवरचा बेदाणा
नव्या बेदाण्याची पिशवी उघडली की गंधकाच्या धुरीचा वास येतो आणि मला सांगलीजवळची ती शेड आठवते. आम्ही बायका सकाळपासून बेदाण्यातले काळे दाणे आणि काड्या निवडत होतो. जेवायची सुट्टी झाली, तेवढ्यात मालकांनी आमचा ताण घालवायला पुण्याहून बोलावलेल्या बाई आल्या. डबे बाजूला ठेवायला लावून त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, "आधी कधी पाहिलाच नाही असं समजून याच्याकडे बघा. मग न चावता पाच मिनिटं जिभेवर ठेवा." माझं डोकं सणकलं. शेजारची म्हातारी शांतपणे बोलली, "आवं बाई, सकाळपास्नं ह्येच बघतोय. ताण ह्याचा न्हाई, सुट्टी संपत आलीया त्याचा हाय." बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "असे विचार येतात, येऊ द्या." घंटा झाली आणि डबे न उघडताच आम्ही परत निवडायला बसलो. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आता घरात कुणी फार डोकं खाल्लं की मी दार लावून घेते, एक बेदाणा न चावता जिभेवर ठेवते आणि पाच मिनिटांत खरंच शांत होते. त्या बाईंना मात्र हे मी मेले तरी सांगणार नाही.