माईंचा मुहूर्त आणि सहा पेट्यांचं घर

सकाळचे आठ पन्नास. जपानमधल्या इचिकावात एका बोळाच्या तोंडाशी सहा ट्रक ओळीने उभे होते आणि प्रत्येक ट्रकवर एकेक खोली होती. खोली म्हणजे खोलीच. भिंती, खिडक्या, दिव्यांची बटणं, एकीत तर संडासातल्या कागदाचा होल्डरसुद्धा बसवलेला. बोळ इतका अरुंद की समोरासमोर दोन मांजरं आली तर एकाने रिव्हर्स घ्यावा. क्रेन हात उंच करून तयार. घराचे मालक कर्णिकसाहेब सोवळं नेसून, डोक्यावर पिवळं सेफ्टी हेल्मेट घालून उभे. त्यांनी ठाण्याला आईला फोन लावला. पलीकडून झोपेतला आवाज आला, "अरे, अजून दूधसुद्धा आलं नाही. एवढ्या पहाटे कशाला उठवलंस?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि बोटांवर तास मोजले.

पहिल्यापासून सांगतो. पुण्या-मुंबईहून इंजिनिअरांची विमानं भरभरून जपानला यायची, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी चिबामधल्या एका घरं बनवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. बनवणाऱ्या म्हणतोय, बांधणाऱ्या नव्हे. फॅक्टरीत एका टोकाला स्टीलची चौकट चढायची. पुढे तिला भिंती, मग वायरिंग, मग नळ. दुसऱ्या टोकाला अख्खी खोली बाहेर, मोटार निघावी तशी. अशा पाच-सहा पेट्या ट्रकने न्यायच्या, तयार पायावर क्रेनने ठेवायच्या, एकमेकींना बोल्टने जोडायच्या. सकाळी मोकळा प्लॉट, संध्याकाळी दुमजली घर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डबा खायचा विसरलो. हा प्रसंग आमच्या घराण्यात पुन्हा घडलेला नाही.

माझं काम सॉफ्टवेअरचं. नकाशावरून सुट्या भागांची यादी काढायची आणि कुठला ट्रक किती वाजता कुठे पोचेल याचं वेळापत्रक लावायचं.

कर्णिकसाहेब एका ट्रेडिंग कंपनीत. पंधरा वर्षं जपानमध्ये, कायम राहण्याचा परवाना हातात. वडील गेल्यापासून त्यांच्या आई, म्हणजे माई, ठाण्यात एकट्या. इथला भाड्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माईंचे गुडघे दुसऱ्या मजल्यालाच राजीनामा द्यायचे. म्हणून हे घर. त्यात रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यावर, वर मजला नसलेली माईंची खोली. आमच्या मॉडेल हाऊसमध्ये कर्णिकसाहेब तीन रविवार फिरले. भिंतीवर टकटक करून पाहिलं, जमिनीवर उड्या मारून पाहिल्या. सेल्सच्या मुलीला भूकंपाचं प्रात्यक्षिक दाखवायची गरजच उरली नाही.

माईंना फोनवर सगळं समजावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "डब्यांचं घर?" मग एक अट घातली. गुरुजींनी मुहूर्त काढलाय, नऊ पाच ते नऊ एकतीस. त्या वेळात तिकडे घर पायावर टेकलं पाहिजे आणि त्याच क्षणी मी इकडे देवापुढे समई लावणार. हे जमलं तर येते. नाही जमलं तर मी आपली ठाण्यातच बरी.

कर्णिकसाहेब मला म्हणाले, "देवधर, आमची माई बोलते ते करते. एकदा लग्नात पंगतीत उशिरा वाढलं म्हणून तिने त्या घरची पुढची तीन लग्नं बुडवली."

मी लगेच कामाला लागलो. आमचा नियम, पहिली पेटी साडेआठला. ती पस्तीस मिनिटं पुढे ढकलायची म्हणजे जपानमध्ये छोटी घटनादुरुस्तीच. तीन फॉर्म, दोन मीटिंगा, आणि 'वेळेची खात्री केली' या चौकटीत जबाबदार माणसाचा शिक्का. साइटचे प्रमुख ओकादा-सान, म्हणजे ओकादासाहेब. त्यांच्याकडे बघून स्टेशनातली घड्याळं लावत असत अशी माझी समजूत होती. मला वाटलं, हे मुहूर्ताला हसतील. त्यांनी खिशातून कॅलेंडर काढलं. त्यावर प्रत्येक तारखेखाली शुभ-अशुभ छापलेलं.

"दिवस आम्हीही बघतो," ते म्हणाले. "पण मिनिटांपर्यंत? हे चांगलं आहे. हे कसं काढतात?"

अर्धा तास मी त्यांना पंचांग समजावलं. मला स्वतःला जेवढं येत होतं ते पहिल्या दोन मिनिटांतच संपलं होतं. मग मी ऐटीत त्या चौकटीत शिक्का मारला.

आणि आता ठाण्यात दूध आलं नव्हतं. नऊ पाच ठाण्याचे. भारत जपानच्या साडेतीन तास मागे. म्हणजे इथे दुपारी बारा पस्तीस ते एक वाजून एक मिनिट. दोन देशांच्या वेळा जुळवणारे प्रोग्रॅम लिहून ज्याचं पोट भरतं, त्याने हा घोळ घातला होता. शिक्क्यासकट.

कर्णिकसाहेबांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. ते मला रागावले नाहीत. "ती येणार नाही रे आता," एवढंच म्हणाले.

ओकादा-सानना मी खरं ते सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. संध्याकाळी पावसाचा अंदाज होता. अंधार पडायच्या आत छप्पर बंद झालं नाही तर सगळ्या भिंतींत पाणी शिरणार. शिवाय बोळ अडवून ठेवायचा पोलिसांचा परवाना चारपर्यंतच. दुपारी बारा पस्तीसला सुरुवात करणं अशक्य.

"शेवट तेव्हा करता येईल," ते हळूच म्हणाले. "सुरुवात नाही."

क्रेन रस्त्यावर, म्हणून लांबची पेटी आधी, रस्त्याकडची शेवटी. शेवटची पेटी म्हणजे माईंची खोली. मी फोन मागून घेतला.

"माई, मी देवधर. कंपनीचा इंजिनिअर. पावसामुळे पेट्या आत्तापासूनच बसवाव्या लागणार. पण एक टेक्निकल गोष्ट सांगायची होती. आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक रकाना असतो. शेवटची पेटी बसेपर्यंत त्यात 'घर' असं येतच नाही."

"मग काय येतं?"

"सामान."

असा कुठलाही रकाना नव्हता. आमच्या डेटाबेसमध्ये तीनशे रकाने होते, हा सोडून.

पलीकडे दूधवाल्याची बेल वाजलेली ऐकू आली. माई उठल्या, दार उघडलं, दूध घेतलं, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. कर्णिकसाहेब माझा दंड धरून उभे.

"शेवटची पेटी कुठली?"

"तुमची खोली."

"ती नऊ पाचनंतर बसवा," माई म्हणाल्या. "सामान ठेवायला मुहूर्त कशाला लागतो?"

पाच पेट्या अकरा पस्तीसला बसल्या. सहावी लगेच उचलायची नव्हती, आणि बारा ते एक जेवणाची सुट्टी. क्रेन चालवणारे मुतो-सान सत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षांत त्यांनी बाराच्या आधी डब्याचं झाकण उघडलं नव्हतं म्हणे. जपानमध्ये घर हलवता येतं, जेवणाची वेळ नाही. एकला त्यांनी क्रेन सुरू केली असती तर आमच्या हातात एक मिनिट उरलं असतं.

ओकादा-सान स्वतः शिडी चढून केबिनपाशी गेले. वर काय बोलले ते ऐकू आलं नाही. मुतो-साननी खाली कर्णिकसाहेबांकडे पाहिलं. सोवळ्यातला, घामेजलेला, पन्नाशीचा माणूस. त्यांनी विचारलं, "आई किती वर्षांच्या?"

"अठ्ठ्याहत्तर."

मुतो-साननी अकरा चाळीसला डबा उघडला. त्यांनी उघडला म्हणून सगळ्यांनी उघडला. बोळाच्या तोंडाशी लाल काठी हलवणारा गार्डसुद्धा उभ्याउभ्या ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाऊ लागला. समोरच्या घरातल्या बाई घड्याळ बघायला आत गेल्या.

बारा सदतीसला माईंची खोली हवेत चढली. मी खोटं सांगत नाही, वारासुद्धा थांबला होता. बारा एकावन्नला ती पायावर टेकली, बारा अठ्ठावन्नला शेवटचा बोल्ट. फोनच्या स्पीकरवर ठाण्यातली घंटा वाजत होती, आणि ओकादा-सान हेल्मेट काढून त्या फोनपुढे कमरेत वाकले होते. पाऊस आला तेव्हा छप्पर बंद होऊन पाऊण तास झाला होता.

सोमवारी मी सकाळीच ऑफिसात जाऊन सिस्टिममध्ये रकाना घातला. शेवटची पेटी बसेपर्यंत 'सामान', नंतर 'घर'. ओकादा-साननी कारण विचारलं. मी म्हटलं, ग्राहकाची मागणी. तो रकाना पुढे इतका उपयोगी पडला की सामानाचा विमा कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो, ते विम्याचा विभाग त्याच्यावरूनच ठरवू लागला.

माई एप्रिलमध्ये आल्या. खोलीभर फिरल्या, भिंतीला हात लावला, खिडकी तीनदा उघडली आणि मिटली. मग मला जवळ बोलावलं.

"बाळ, तो रकाना खरंच होता का रे?"

"आता आहे, माई."

त्या हसल्या नाहीत. चहात साखर किती, ते विचारलं.

ग्राहकाला खोटं सांगू नये. सांगितलंच, तर सोमवारपर्यंत खरं करून ठेवावं.