अक्काचा लाल कळप

नाना गेले, हे मला धुळ्याच्या मोटार अड्ड्यावर कळलं. शिरपूरहून उतरलेला माणूस म्हणाला, "तुमचे गुरांचे डॉक्टर गेले हो..." आणि मी पटकन विचारलं, "कुठे, चोपड्याला?" जन्मभर ते कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात गेलेलेच असत. मी त्यांचा कंपाउंडर. म्हणजे ते बरं करत आणि मी मध्ये येत असे.

शिरपूरच्या वेशीबाहेर सकूअक्का डुकरं पाळायची. एका हिवाळ्यात तिच्या कळपाला खोकला लागला. साथ गावात शिरेल म्हणून पेठेतली मंडळी मामलेदारांच्या मागे लागली, डुकरं मारून टाका. अक्काला दुसरं काहीच नव्हतं. कळप गेला की चूल विझली. नानांनी मुदत मागून घेतली आणि मला म्हणाले, "खोकणारी तेवढी ओळखून ठेव."

मी पडलो हुशार. पोळ्याला बैल रंगवतात तसे खोकणाऱ्यांच्या पाठीवर ओल्या गेरूचे पट्टे ओढले, त्यात दोनदा चिखलात आडवा झालो, आणि ऐटीत जेवायला गेलो. परत येतो तर थंडीनं सगळी एकमेकांवर रेलून झोपलेली, आणि अख्खा कळप लाल!

"भाऊ, आज पोळा शे का?" अक्का म्हणाली, पण हसली नाही. मागे उभा असलेला मामलेदारांचा शिपाई सगळ्या लाल पाठींवरून नजर फिरवत म्हणाला, "बठ्ठीच आजारी? मग मी बंदूकवाल्यास्ले सांगस."

तेवढ्यात नाना आले आणि कूड धरून पोट दुखेपर्यंत हसले. "अरे, तुझ्या हातून चुकून शास्त्र घडलं! लागण कळपात अशीच फिरते. हे जंतू चिनी मातीच्या गाळणीतूनही निसटतात, तुझ्या पट्ट्यांना काय जुमानणार? डुकरांत असले ताप-खोकले आपल्या पडशाइतके सर्रास." मग शिपायाकडे वळून म्हणाले, "जीवघेणा ताप असता तर एव्हाना निम्मी मेली असती. एक तरी मेलंय का? खातात का, तेवढं पाहू."

आम्ही केळीची वाळकी पानं अंथरली. नाना रोज सकाळी येऊन कुडाशेजारच्या दगडावर नुसते बसत; शिपाईही पाहायला येई. अक्का डोणीत कोंडा ओते. डुकरं तोंड फिरवत. अक्काही जेवेना. मग एका सकाळी म्हातारी डुकरीण उठली, वाटेतल्यांना ढुसण्या देत डोणीपाशी गेली आणि तिनं तोंड घातलं... "खाधं ना वं!" ओरडला कोण, तर शिपाई. कळप वाचला. पेठेतल्यांचा ताप उतरायला जरा जास्त वेळ लागला.

परवा अक्काकडे गेलो. पिलं शिंकत होती. मी घाबरून काही बोलणार, तोच तिनं कुडाशेजारचा गुळगुळीत दगड दाखवला. "बस, भाऊ. डाक्टरनी जागा शे ती."

बसलो. तिनं कोंडा ओतला. पिलं आधी नुसती हुंगत राहिली... आणि मग खायला लागली.