लिंबू आत जाईना

मंडळी, आज रायापूरला भाच्याने पिकअपला मोठे टायर बसवले. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं असलेली गाडी. पूजेचं लिंबू हातात घेतलं आणि ऐंशीच्या दशकातली खंडेनवमी आठवली.

हुबळीत आमचं धान्याचं दुकान. अप्पांनीही मालाच्या ट्रकला असेच हौसेने मोठे टायर चढवले होते. चाकांखाली लिंबं ठेवून झाल्यावर आई एक लिंबू मागच्या दोन चाकांच्या फटीत ठेवायला गेली. ते आत जाईना.

"लहान घे," अप्पा वैतागले.

लहानही जाईना.

अप्पांच्या एकदम लक्षात आलं. पोती भरल्यावर टायर फुगणार, एकमेकांना घासून तापणार आणि फुटणार. आणि काका दुपारी तीच गाडी घेऊन कारवारचा घाट उतरणार होते! जुने टायर परत चढले, तेव्हाच गाडी हलली.

आज भाचा हसला, "मामा, मेकॅनिकनं बघितलंय. बिडरी!" कानडीत, राहू द्या.

तरी मी लिंबू फटीत धरलं. सहज आत गेलं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

तुम्ही लिंबू फक्त चाकाखालीच ठेवता का?