पहिल्या टीवर पुरणपोळी

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग स्वतः ट्रॉलीवर चढवली आणि मग ट्रॉलीचा दांडा सोडेचनात. अमरावतीहून मला सोडायला आले होते. बाबा म्हणजे शाळेच्या मैदानावर शिट्टी न वाजवता नुसत्या आवाजानं पोरांच्या रांगा सरळ करणारे पी.टी.चे सर. पण मी आत जाताना हळू आवाजात एवढंच म्हणाले, "लोकाचं घर आहे, पोरी. कोणाला त्रास नको देऊस. काही चुकलं तर आपणच आधी माफी मागायची."

मी भूलतज्ज्ञ आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि बाबांचा सल्ला मी इतका पाळला की विचारू नका. दाराला धक्का लागला तरी दाराला सॉरी म्हणायचे. शेजाऱ्यांना फोडणीचा वास जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करून पोहे करायचे आणि स्वतः ठसकत बसायचे. तिकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे मजेत असतो. असतो की! पण पहिली कित्येक वर्षं ती मजा चोरपावलांनी करावी लागते. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गोल्फ माझ्या वाट्याला आला तो जीनमुळे. ही आमच्या इथल्या गावातल्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल मी दिली होती. बरी झाल्यावर म्हणाली, खेळू नकोस, पण माझ्यासोबत चालायला तर ये. माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे उंच भिंत, फाटक आणि आत जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकणारा वॉचमन. आमचा कोर्स तसा नाही. गावाच्या वर टेकडीवर पसरलेलं उघडं माळरान आहे, त्याला इकडे कॉमन म्हणतात. कुंपण नाही, फाटक नाही. गावकऱ्यांना तिथे गुरं चारायचा पिढीजात हक्क. कोणीही कुत्रं घेऊन फिरावं, पतंग उडवावा, घोड्यावरून जावं. त्याच माळावर पणजोबांच्या काळापासून लोक गोल्फ खेळत आले आहेत. गोल्फमध्ये अडथळा म्हणून असतात ते वाळूचे खड्डे इथे कोणी खणले नाहीत, जुन्या दगडखाणींचे खळगे आहेत तेवढे पुरे. बरंचसं गवत गुरंच कापतात. चेंडू शेणात पडला तर तो उचलून, पुसून बाजूला ठेवता येतो, असा छापील नियम आहे. तो वाचला आणि मला पहिल्यांदा वाटलं, इथे आपलं जमेल.

आणखी एक नियम म्हणजे खेळणाऱ्याच्या अंगावर काहीतरी लाल हवं, म्हणजे फिरायला आलेल्यांना तो लांबून दिसतो. चालता चालता खेळायला उतरले त्या पहिल्या दिवशी मी निळ्या जॅकेटात गेले होते. शेवटी गाडीतली बांधणीची लाल ओढणी कमरेला गुंडाळून खेळले. जीन हे अजून सगळ्यांना रंगवून सांगते.

बाबांना मात्र फोनवर हे पटेना. "ज्यात घाम येत नाही तो खेळ कसला? काठीनं गोटी ढकलून राहिले लोक, अन् त्यात तू काय करून राहिली?"

काय करून राहिले होते, तर हळूहळू बरी खेळायला लागले होते. पावसात, वाऱ्यात, धुक्यात खेळले. गेल्या हिवाळ्यात क्लबनं मला कॅप्टन केलं. मला अभिमान वाटला, लपवायचा कशाला? नव्या कॅप्टनची एक रीत असते. वसंतात सगळे सभासद पहिल्या टीपाशी जमतात, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या चौथऱ्यापाशी, आणि सर्वांदेखत कॅप्टननं एकच चेंडू मारायचा. मी आईबाबांना त्यासाठी मुद्दाम बोलावून घेतलं. इतकी वर्षं फोनवर "बरं चाललंय" म्हणत आले, ते त्यांनी डोळ्यांनी बघावं. मी इथे कोणाकडे पाहुणी म्हणून राहत नाही, हे बाबांना दिसावं. मला एवढंच हवं होतं.

त्या सकाळी आईनं माझ्या किचनमध्ये पुरणपोळ्या केल्या, डबाभर. आम्ही माळावर पोचलो तेव्हा लाल स्वेटर, लाल टोप्या, लाल मफलर घालून सगळे उभे होते. मी चेंडू ठेवला. थोड्या अंतरावर डेरेकच्या गाई चरत होत्या. डेरेक गावचा शेतकरी, कॉमनवर त्याचीच गुरं जास्त. बाबांना गाई दिसल्या आणि त्यांनी आपल्याकडच्या कोणीही केलं असतं तेच केलं. शुभ कामाची वेळ, गाय समोर, आणि तिला घास द्यायचा नाही? त्यांनी खिशातून फॉइलची पुरचुंडी काढली, पुढे गेले, जवळच्या तांबड्या गाईला पोळी भरवली आणि तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला.

झालं! गुरांना खायला घालू नये, अशी पाटी बाबांच्या मागेच होती. एका गाईला गुळाचा वास आला की सगळ्यांना येतो. माना वर झाल्या. माझी मुलगी ईरा इथेच जन्मलेली. ती ओरडली, "आजोबा, पोळी लपवा! सगळे काऊ येतोय!" बाबा मागे सरकले तशा गाई पुढे आल्या, आणि बघता बघता अख्खा कळप पहिल्या टीभोवती उभा राहिला. एक तर माझ्या चेंडूवरच फुरफुरत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोणीतरी हसलं. बाबांनी पुरचुंडी पाठीमागे धरली होती. ज्यांच्या एका हाकेला सगळं मैदान थांबायचं, ते माझे बाबा खाली बघत उभे होते. हळूच मला म्हणाले, "चुकलं माझं. म्हातारा आहे, समजत नाही, असं सांग त्यांना. माफी माग."

सॉरी जिभेवर आलंच होतं. सवयच ती. तेवढ्यात जीन म्हणाली, "कॉमनवर आधी गुरं, मग चालणारे, मग आपण. आता थांबायचं की कसं, तूच सांग. कॅप्टन तू आहेस."

मी बाबांकडे बघितलं. अशा अवस्थेत बघायला मी त्यांना साता समुद्रांपलीकडून बोलावलं नव्हतं. त्यांचा हात धरून मी त्यांना टीवर आणलं आणि इंग्रजीत, मोठ्यानं सांगितलं. आवाज मला बाबांचाच आहे. "हे माझे वडील. आमच्याकडे चांगल्या कामाचा पहिला घास गाईचा असतो, तो त्यांनी दिला. आता दुसरा तुमचा. गाईंचं आटपेपर्यंत आपण थांबू आणि खाऊ."

आईनं डबा उघडला.

लोकांनी हातावर पोळी घेऊन उभ्या उभ्या खाल्ली. डेरेकनं दोन खाल्ल्या आणि म्हणाला, "गाईंना चव कळते माझ्या." मग तो बाबांशेजारी जाऊन उभा राहिला. बाबांनी मला विचारलं, "यांच्या गाईंना शिंगं काहून नाहीत?" मी भाषांतर करून दिलं. पुढे दोघांचं हातवाऱ्यांवर बराच वेळ चाललं, माझी गरज उरली नाही.

गाई त्यांच्या सवडीनं हलल्या. मी चेंडू मारला. खळग्यावरून तो पलीकडे गेला आणि गुरांनी कुरतडलेल्या गवतावर लांबवर पळत राहिला. टाळ्या झाल्या असतील. मला ऐकू आलं ते एकच, मैदानावरच्या त्या जुन्या आवाजातलं "शाब्बास!" लांबची कुत्री भुंकायला लागली, इतकं मोठं.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी अमरावती म्हणते, आणि ते खरंच आहे. पण आता मला आणखी एक जागा सांगता येते. माझ्या बापाबद्दल तिथे मला सॉरी म्हणावं लागलं नाही. त्या जमिनीचा सातबारा माझ्या नावावर नाही आणि कधी होणारही नाही. तिथे आधी गाई, मग चालणारे, मग मी. नंबर तिसरा असला, तरी माझा आहे.