पाइनला तुळशीचं पाणी

जपानात, नागोयाच्या थंडीत कस्तुरीची तुळस काही टिकेना. शेवटी तिने दाराशी कुंडीत पाइनचं बुटकं झाड लावलं आणि अंघोळ झाली की तुळशीसारखंच त्याला तांब्याभर पाणी घालू लागली. झाडाच्या सुया पिवळ्या पडल्या. तिने दोन तांबे सुरू केले, तर सुया गळायलाच लागल्या. आता बोला!

शेजारच्या ओकादा-सान आजींनी मातीत बोट खुपसून पाहिलं. "मुळं कुजतायत. माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका."

कस्तुरी चक्रावली. पाणी घालून झाड मरतं? मग रोज सकाळी करायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर सवयीने ती भरला तांब्या घेऊन कुंडीपाशी आली. माती ओलीच होती. पाणी ओतता येईना, परत नेववेना. इकडेतिकडे बघत तिने झाडाला नमस्कार केला आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं.