दुपारचे थर

दुपारचे तीन वाजले होते आणि साठ फुटांची भिंत माझ्यासमोर लाटा घेत होती.

विटांची भिंत लाटा घेत नसते, एवढं मलाही कळत होतं. मी डोळे चोळले. आंबागडच्या पायथ्याची हिवाळ्यातली दुपार म्हणजे माणसाला हमखास गुंगी आणणारी. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडलेल्या, गडाच्या डोंगरावर निळसर धुरकट पडदा आणि कुठेतरी एकच होला घुमत असायचा. त्यात माझा स्वभाव मुळातच तंद्रीचा. आई म्हणायची, हा पोरगा जेवता जेवता दुसऱ्या गावाला जाऊन येतो. पळसाखाली विटांच्या चट्ट्यावर बसून मी कामावर देखरेख करत होतो. खरं सांगायचं तर पेंगत होतो. तिरपं ऊन भिंतीवर पडलं होतं आणि त्या उन्हात मला थर दिसले. चारपाच थर सरळ. मग चारपाच थर मधोमध खाली झुकलेले. मग पुन्हा सरळ. मग पुन्हा झुकलेले.

तळ्यावरून वारा जावा तसं ते दिसत होतं. आधी मला ते फार सुंदर वाटलं, आणि मग घाम फुटला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला ओव्हरसियर म्हणून लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. गावच्या सोसायटीसाठी धानाचं गोदाम बांधायचं काम. गोदाम म्हणजे एक लांबच लांब खोली. मधे भिंत नाही, खिडकी नाही, फक्त वर छपराजवळ झरोके. मागची भिंत एकसलग साठ फूट. आणि परवा गुरुवारी डेप्युटी साहेब बघायला येणार होते.

थर मधोमध खाली बसला की पहिला संशय पायावर घ्यायचा. तिथली जमीन काळी, आणि पायाची खोदाई मी स्वतः पास केलेली. पाया बसला असेल तर गोदामही गेलं आणि माझी नोकरीही. मी धावत जाऊन पाण्याची नळी आणली. ही नळी म्हणजे बांधकामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक हत्यार. लांब पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक इथे, एक टोक तिथे; दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. भिंत जिथून वर निघते ते जोतं या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. एका केसाचाही फरक नाही.

पाया शाबूत होता. जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला. पाया नाही तर मग कोण?

माझी एक डायरी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत किती थर झाले आणि संध्याकाळपर्यंत किती, ते त्यात रोज लिहायचो. डायरी घेऊन भिंतीपाशी उभा राहिलो आणि थर मोजत गेलो. सरळ थर सगळे सकाळचे होते. झुकलेले सगळे दुपारचे. एकही अपवाद नाही. दुपारी थर मधे खाली गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे सिमेंटचा मसाला जाड भरून तो वर आणलेला, आणि दुपारी परत तेच.

जेवणाच्या सुट्टीत काहीतरी होत होतं, हे उघड होतं. आणि त्या भागात जेवणाच्या सुट्टीत काय होऊ शकतं, ते मला वाटलं मला माहीत आहे. मोहाची दारू.

भिंतीचा मिस्त्री डोमाजी. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, कमी बोलणारा. वीट हातात घेतली की आधी बोटाच्या पेराने ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली तर ठेवायचा, बद्द वाजली तर बाजूला. विटा पाण्यात बुडवल्याशिवाय लावायचा नाही. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला भुसभुशीत होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तो हातांनी जाणत होता. सांध्यावर सांधा कधी येऊ द्यायचा नाही. खालच्या दोन विटांच्या फटीवर वरची वीट बसलीच पाहिजे, नाहीतर भिंत एक राहत नाही, विटांची रास होते. असा माणूस.

आणि त्याला मी वीसपंचवीस माणसांसमोर हाक मारली.

"डोमाजी, दुपारी जेवणात काय असते?"

"भात न लाखोरीचं वरण, साहेब. दुसरं काय राहाते?"

"आणि मोहाची?"

घमेली उचलणाऱ्या रेजा जागच्या जागी थांबल्या. आमच्याकडे साइटवरच्या बायांना रेजा म्हणतात. कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

"काय म्हणता जी तुमी?" डोमाजी हळू आवाजात म्हणाला.

"मी नाही, भिंत म्हणते. सकाळी सरळ, दुपारी झिंगलेली. पाहा स्वतः."

तो परांचीवरून उतरला. माझ्यासोबत लांब जाऊन उभा राहिला. त्याने डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. लाट त्यालाही दिसली होती.

"मले वाटत होतं, कच्ची भिंत रातीतून बसून राहिली," तो म्हणाला. "म्हून सकाळी मसाला भरत होतो. पन मी पेत नाही, साहेब. जनमात नाही पेलो. पोराच्या लग्नात बी नाही."

"मग दुपारचेच थर काहून वाकतात?"

त्याने विटा लावायची करणी पाण्यात धुतली, फडक्यात गुंडाळली आणि गावाकडे चालायला लागला. दिवसाचं काम अजून बाकी होतं, पण त्याला अडवायला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही.

ठेकेदार तुमसरचा. माणूस वाईट नव्हता, पण पाण्यासारखा जिकडे उतार तिकडे वाहायचा. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसला. टेबल म्हणजे डांबराच्या दोन रिकाम्या पिंपांवर टाकलेली फळी.

"साहेब, कायले डोकं खाजवता? लिहून टाका न बुकात. मिस्त्री दारू पिऊन काम करत होता, काढून टाकला. तुमी बी सुटले, मी बी सुटलो."

"आणि तो?"

"त्याचं काय? दुसरीकडे जाईल."

कुठे जाणार होता? साइटवरच्या ऑर्डर बुकात साहेबाच्या हाताने एकदा असं लिहिलं गेलं की त्या तालुक्यात त्या माणसाला सरकारी कामावर कोणी उभं करत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. तरी मी पेनचं टोपण काढलं. आज लिहायला लाज वाटते, पण काढलं होतं. गुरुवार जवळ आला होता आणि मी भित्रा होतो.

तेवढ्यात सुभद्राबाई आली. चाळिशीची रेजा, मोहाडीकडच्या विणकर घरातली. घरचे दोन माग बंद पडले म्हणून ती डोक्यावर विटा वाहायला आली होती. डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन ती उभी राहिली.

"साहेब, एक सांगू का जी? रागवान तं नाही?"

"बोला."

"डोमाजी नाही पेलेला. दोरी पेली हाये."

ठेकेदार खो खो हसला. "घ्या! आता दोरीले मोहाची!"

"मोहाची नाही, दव," ती म्हणाली. "दोरी रातभर भिंतीवर पडून राहाते. सकाळी ओलीचिंब. पिळाचं सूत ओलं झालं का आखडते. ताठ राहाते. ऊन चढलं का वाळते न सैल पडते. आमी ताणा लावत होतो तवा सूत हातानं नाही पाहात, डोळ्यानं नाही पाहात. आंगानं समजते. मी चार दिसांपासून पाहून राहिली, दुपारच्या दोरीले झोळ हाये."

"मग बोलल्या का नाही?"

"कोनाले बोलू, बाप्पा? रेजानं मिस्त्रीले सांगाव का दोरी कशी बांधाची?"

इथे दोरीबद्दल दोन शब्द सांगतो. भिंत बांधताना आधी दोन्ही टोकांचे कोपरे चढवतात, ओळंबा लावून, अगदी काटेकोर. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतात आणि मधल्या विटा त्या दोरीला लावून बसवतात. मिस्त्री भिंत बघतच नाही, तो दोरी बघतो. डोमाजीने हयातभर घरं बांधली होती. घराची भिंत बारा-पंधरा फुटांची. तेवढ्यात दोरीला झोळ पडला तरी कळत नाही. साठ फुटांची सलग भिंत त्याने पहिल्यांदाच हातात घेतली होती. मीही. दोरी जुनी, चार ठिकाणी गाठी मारलेली. वाळल्यावर जोरात ओढली तर तुटायची, म्हणून दुपारी सगळे हात राखून ओढायचे. लांब भिंतीत दोरीला मधे टेका द्यावा, हे माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात नक्की असणार. ते पान मी तंद्रीत उलटलं असणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साइटवर गेलो. धुकं इतकं होतं की गड दिसत नव्हता, भिंतीचं दुसरं टोकही दिसत नव्हतं. नुसती ओली दोरी त्या पांढऱ्यात निघून जात होती आणि तिच्यावर दवाचे थेंब एका ओळीत बसले होते. मी किती वेळ तसाच पाहत उभा राहिलो कोण जाणे. सुभद्राबाईने नळीचं टोक माझ्या हातात दिलं तेव्हा भानावर आलो. दोरी ताणली. मधोमध मोजलं. झोळ दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

तीच दोरी, त्याच खिळ्यांना, तेच हात, दुपारी दोन वाजता पुन्हा ताणली. झोळ सात सूत. जवळजवळ एक इंच.

नळी खाली ठेवली. आनंद व्हायला हवा होता, कारण कोडं सुटलं होतं. पण डोळ्यासमोर फडक्यात करणी गुंडाळणारा माणूस येत होता. माझ्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय!

गावात गेलो. डोमाजी अंगणात खाटेवर बसला होता. त्याची बायको मला पाहून आत निघून गेली. मी त्याच्या बाजूला टेकलो, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "डोमाजी, माझं चुकलं. दोरीचा दोष होता. माफ करा."

त्याने सगळं ऐकून घेतलं. दोन सूत, सात सूत, सुभद्राबाई, सगळं. मान हलवली. मग म्हणाला, "साहेब, बेवडा म्हनले तं सर्व्यायसमोर म्हनले. आता कानात काहून सांगून राहिले?"

उठलो आणि परत आलो.

गुरुवारी डेप्युटी साहेबांची जीप आली. साहेब भिंतीपासून लांब उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ही काय भानगड आहे?"

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. सगळी साइट उभी होती. गावातली चारदोन माणसंही जीप बघायला आली होती. डोमाजी त्यांच्यात मागे होता, हात मागे बांधून. मी मुद्दाम मोठ्याने बोललो, मागच्यालाही ऐकू जाईल इतक्या.

"साहेब, दोरी दुपारी सैल पडत होती. मधे टेका द्यायला मी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. परवा मी डोमाजी मिस्त्रीला दारू पितो म्हणालो. ते खोटं होतं. तो पीत नाही. चूक माझी आहे. आणि ती शोधून काढली या सुभद्राबाईने."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "भाषण झालं? बुक आणा."

त्यांनी ऑर्डर बुकात लिहिलं: वरचे चार थर काढून पुन्हा बांधावेत, खालच्यांना धोका नाही, गिलाव्यात झाकले जातील, देखरेखीतील हलगर्जीबद्दल ओव्हरसियरला मेमो. जीप धुरळा उडवत निघून गेली. ठेकेदार कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "साहेब, तुमी बी ना!"

डोमाजी पुढे आला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ भिंतीवर चढला, वरचे चार थर उतरवले, मधोमध मसाल्यावर एक वीट कोपऱ्यांच्या उंचीला नळीने जुळवून बसवली आणि तिच्यावरून दोरी नेली. मग खाली वाकून ओरडला, "सुभद्राबाई, पाहा वं! जमली का?"

सुभद्राबाईने घमेलं खाली ठेवलं, एक डोळा मिटला. "थोडी ओढा अजून. हव. आता बसली."

गोदाम पावसाआधी झालं. पहिलं धान आत गेलं तेव्हा मी बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात होतो. मेमोमुळे माझी बढती एक वर्ष मागे पडली, ते योग्यच झालं. त्यानंतर पंचवीसतीस वर्षं मी भिंती पाहिल्या. शिकलो ते दोनच ओळींचं आहे. भिंत लांब असेल तर दोरीला मधे टेका द्यावा. आणि आरोप चारचौघांत केला असेल तर माफी कानात मागू नये. ती पोचत नाही.