आईचा दगड

सून काट्यावर ग्रॅम बघत मैदा तोलते, तेव्हा मला जालन्याचा तो भट्टीवाला आठवतो. निजामाचं राज्य होतं. दिवाळीआधी बाया घरचं सामान घेऊन त्याच्याकडं नानकटाई भाजायला जायच्या. मैदा घरून चिपट्याच्या मापानं मोजून यायचा. तूप मात्र तो तराजूत तोलून घालायचा. चिपटं सगळ्यांचं सारखंच, पण कुणी ते दाबून भरायचं, कुणी सैल. म्हणून त्यानं फळीवर घरागणिक एक दगड मांडलेला होता. त्या घरच्या चिपटंभर मैद्याला जेवढं तूप लागायचं, तेवढ्याच वजनाचा. नाव त्याला कुणाचंच ठाऊक नव्हतं, पण दगड कधी चुकला नाही. त्याचं नाव आम्हीही कधी विचारलं नाही.

आई गेली त्या वर्षी मैदा मी भरून नेला. त्यानं सवयीनं आईचा दगड उचलला, मैद्यात बोट खुपसलं आणि थांबला.

“आई कुठंय?”

मी मान खाली घातली.

“ती दाबून भरायची, बेटा. तुझा हात सैल हाय. या दगडानं तूप घातलं तर नानकटाई पसरंल.”

त्यानं माझं एक चिपटं तोलून पाहिलं, लहानसा दगड निवडला आणि फळीवर ठेवला. आईचा दगड सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला.

“हा आता दुसऱ्या कुणाला बिलकुल चालत न्हाई.”

तो दगड अजून माझ्या मैद्याच्या डब्याजवळ असतो. परवा सुनेनं तो काट्यावर ठेवायला उचलला. मी तिच्या हातातून काढून घेतला.